दौडीत पहिला, तरी साखर वाढलेली

लष्करात ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते आणि तिचा निकाल पाच खान्यांत मांडतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. या पाचांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘शेप’ हे नाव पडलं. पाचही खान्यांत ‘एक’ असेल तर जवान ‘शेप वन’. कुठल्याही खान्यात एकाचे दोन झाले की ‘कॅटेगरी लागली’. बढती, कोर्स, परदेशातल्या शांतिसेनेत जाण्याची संधी, सगळ्याला ही कॅटेगरी आडवी येऊ शकते. म्हणून फौजी घरात ती बातमी दबक्या आवाजातच सांगितली जाते.

गुडघा गेला, कानाजवळ स्फोट झाला, तर कॅटेगरीचं कारण सगळ्यांना दिसतं. कोडं पडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पस्तिशीतला एखादा हवालदार घ्या. बीपीईटीत, म्हणजे लढाईचं सामान अंगावर घेऊन धावण्याच्या लष्करी चाचणीत, तो अजून चांगल्या वेळेत येतो. दोर चढतो, खड्डा ओलांडतो. दारू बेताची. आणि रिपोर्टवर मात्र उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१०, रक्तदाब १३६/८८. गावाकडची प्रतिक्रिया ठरलेली: ‘फौजी माणसाला शुगर? खाण्यावर ताबा नसणार.’ डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ दोन्ही ऐकून हवालदाराच्या हाती काही लागत नाही, कारण टेन्शन घेणं न घेणं त्याच्या हातात फारसं नाही आणि जेवण तर लंगरात, म्हणजे फौजेच्या सामायिक स्वयंपाकघरात, शिजतं.

नोकरीतला ताण साखरेपर्यंत पोचतो कसा, हे एकदा नीट पाहू. तो वाटतो त्या वाटेने येत नाही. गोळीबार, चकमक ही वाट त्यातल्या त्यात अरुंद आहे. रुंद वाट जाते मोडलेल्या झोपेतून.

आधी रिपोर्टचे आकडे

चयापचय म्हणजे अन्नाचं शरीरात जे काही होतं ते सगळं: जाळणं, साठवणं, गरज पडली की पुन्हा बाहेर काढणं. हा कारभार बिघडतोय का, हे पाहायला डॉक्टर पाच मोजमापं धरतात. पोटाचा घेर भारतीय पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटरच्या वर. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतली तीन जमली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्या हवालदाराची तीन जमली आहेत आणि त्याला मधुमेह अजून झालेलाही नाही. त्यासाठी उपाशीपोटी १२६ ची रेघ आहे. ही सगळी बिघाडं एकत्र का येतात आणि त्यांच्या मुळाशी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत शिरवणाऱ्या संप्रेरकाला, दाद न देणारं शरीर कसं असतं, हे अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये एका गाजलेल्या व्याख्यानात मांडलं.

आता यात वजन कुठे आलं? आलंच नाही. आणि फौजेत माणूस ‘ठीक’ आहे की नाही याची पहिली चाळणी उंची-वजनाच्या तक्त्याची. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगायलाच हवी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ मासिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. तक्त्याच्या हिशेबाने दोघेही उत्तम. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात किती चरबी दडलेली असू शकते, हे दाखवायला त्या फोटोइतकं नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. भरती होणारा आपला पोरगाही याच मातीचा. गणवेश चढवला म्हणून ही ठेवण बदलत नाही.

धोका संपतो, निरोप संपत नाही

धोका जाणवला की मेंदू शरीराला दोन निरोप धाडतो. पहिला ॲड्रिनॅलिनचा, काही सेकंदांत पोचणारा. छाती धडधडते, हात घट्ट होतात, डोळे विस्फारतात. दुसरा कॉर्टिसॉलचा, काही मिनिटांनी येणारा आणि रेंगाळणारा. मेंदूतून पिट्युइटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला, अशा पायऱ्या उतरत तो रक्तात येतो.

कॉर्टिसॉलचं काम पेव उघडण्याचं. यकृताला तो सांगतो, साठा बाहेर काढ, नसेल तर नवी साखर तयार कर. स्नायूंना सांगतो, इन्सुलिनचं फार ऐकू नका, साखर रक्तातच राहू दे, मेंदूला लागेल. डोंगरात अचानक गोळी आली आणि जवानाने शंभर मीटर पळत जाऊन आडोसा घेतला, तर ही साखर सत्कारणी लागते. पण मध्यरात्री बंकरमध्ये बसून रेडिओवरचा आवाज ऐकताना, किंवा उद्याच्या इन्स्पेक्शनची यादी तिसऱ्यांदा तपासताना, पेव तर उघडतं आणि पाहुणा येत नाही. रक्तातली साखर मग पुन्हा आत ढकलायला जास्त इन्सुलिन लागतं. जास्त इन्सुलिन म्हणजे चरबी साठवण्याचा हुकूम. आणि पोटातल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉल ओळखणाऱ्या जागा त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात, त्यामुळे साठवण तिथेच होते. पुढे ही पोटातली चरबी स्वतःच यकृताकडे चरबी आणि दाह वाढवणारे पदार्थ सोडू लागते आणि इन्सुलिनचं काम आणखी अवघड होतं.

कॉर्टिसॉल एकटा इतकं करू शकतो का? करतो, आणि आपण ते पाहिलंही आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड दिलेल्या कितीतरी रुग्णांची साखर आठवड्याभरात चढली होती. ती औषधं म्हणजे कॉर्टिसॉलचीच भावंडं. नोकरीच्या ताणातलं कॉर्टिसॉल त्या मानाने किरकोळ असतं. फरक इतकाच की औषधाचा कोर्स दहा दिवसांत संपतो आणि नोकरी सतरा-वीस वर्षं चालते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. कॉर्टिसॉल शत्रू नाही. निरोगी माणसात तो पहाटे जागं होण्याच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत खाली. शरीराचा दिवस त्याच्यावर सुरू होतो. बिघाड होतो तो हा चढउतार सपाट झाला की, म्हणजे रात्री जिथे खाली यायला हवं तिथे तो खाली येत नाही तेव्हा.

फौजेतला ताण नेमका कोणता

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने नोकरीच्या ताणाबद्दल एक साधी मांडणी केली. काम जास्त असणं एवढ्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं यावर ताबा कमी, ही जोडी वाईट. नंतर त्यात तिसरी गोष्ट आली, सोबत्यांचा आधार. तो असेल तर पहिल्या दोघांचा मार सौम्य होतो.

ही मांडणी माणसांवर लावून पाहण्याचं मोठं काम लंडनमध्ये झालं. १९८५ पासून तिथल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांची तब्येत वर्षानुवर्षं नोंदवली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, सुमारे चौदा वर्षांच्या काळात ज्यांनी कामाचा असा ताण तीन किंवा अधिक वेळा सांगितला, त्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम होण्याची शक्यता ताण नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. ही खुर्चीत बसणारी माणसं होती. ना बर्फ, ना गोळी.

आता जवानाकडे वळू. ताबा कमी असणं हा लष्करी नोकरीतला दोष म्हणता येत नाही, तिची रचनाच तशी आहे. हुकूम आला की ‘का’ विचारायचं नाही, यावर सैन्य उभं असतं. सुट्टी मंजूर झाली तरी आयत्या वेळी रद्द होऊ शकते. बदली कुठे, कधी, हे दुसरा कोणी ठरवतो. या उणिवेची भरपाई करते पलटण. एका लंगरात जेवलेली, एका बराकीत झोपलेली माणसं हा तो तिसरा घटक. म्हणूनच आपल्या युनिटमधून दूर, अनोळखी ठिकाणी ‘अटॅच’ केलेल्या जवानाची तब्येत मला जास्त काळजीची वाटते.

आणि घर. पूर्वी बांधाच्या भांडणाची खबर आंतर्देशीय पत्रातून पंधरा दिवसांनी कळायची, तोवर भांडण मिटलेलंही असायचं. आता चुलत्याने बांध कोरला की संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बांधच दिसतो. आईचा रिपोर्ट, मुलाची फी, तलाठ्याकडे अडकलेला सातबारा, सगळं सीमेवर पोचतं आणि तिथे बसून करता काहीच येत नाही. मागणी पूर्ण, ताबा शून्य. कारासेक यांना याहून नेमकं उदाहरण मिळालं नसतं.

भारतीय लष्करात हा ताण किती, यावर एकमत नाही. दिल्लीतल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संस्थेत झालेल्या एका अभ्यासात अर्ध्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली असल्याचं म्हटलं होतं. २०२१ च्या जानेवारीत त्याच्या बातम्या झाल्या तेव्हा लष्कराने नमुना फार लहान असल्याचं सांगून तो निष्कर्ष नाकारला. लाखोंच्या सैन्याबद्दल लहान नमुन्यावरून बोलू नये, हा आक्षेप रास्तच. पण मग मोठा अभ्यास करून तो खुला ठेवावा, हेही तितकंच रास्त.

झोप, झोप आणि झोप

सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुण पुरुषांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. सहा रात्रींनंतर त्यांच्या शिरेत साखर सोडली तर ती रक्तातून हटायला पूर्ण विश्रांतीनंतरच्या तुलनेत वेग जवळपास ४० टक्क्यांनी मंद झालेला होता. संध्याकाळचं कॉर्टिसॉल खाली यायला हवं होतं, ते वर होतं. म्हणजे धष्टपुष्ट पोरं एका आठवड्यात मधुमेहाच्या दिशेने सरकली, खाणं न वाढवता. त्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की अशा दोन रात्रींनी पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटतं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढतं आणि हात गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे जातो. रात्रीच्या ड्युटीनंतर पहाटे चार चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटांचा पुडा संपतो, तो केवळ जिभेचा चाळा नाही.

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. २००८ मध्ये नऊ सडपातळ तरुणांना तीन रात्री पूर्ण वेळ झोपू दिलं. तास तेवढेच. फक्त गाढ झोप लागू लागली की हलका आवाज करायचा, जाग येणार नाही पण झोप उथळ होईल इतपत. तीन रात्रींत इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घसरली. संत्री ड्युटी, म्हणजे पहाऱ्याची पाळी, आठवा. दोन तास पहारा, चार तास आराम, पुन्हा दोन तास. कागदावर तास भरतात. पण बूट घालूनच पडलेला, कान उघडे ठेवून झोपलेला माणूस गाढ झोपेत जातो किती?

तिसरी गोष्ट घड्याळाची. हार्वर्डमधल्या फ्रँक शीअर यांच्या गटाने २००९ मध्ये दहा जणांचं झोपण्या-जेवण्याचं वेळापत्रक मुद्दाम शरीराच्या घड्याळाच्या उलट फिरवलं. इन्सुलिन वाढलेलं असूनही साखर चढली. त्यांतल्या तिघांची जेवणानंतरची साखर तर थेट मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. इन्सुलिन बनवणारं आपलं स्वादुपिंड रात्री अर्धवट पेंगत असतं, रात्रीची चपाती त्याला दिवसाच्या चपातीपेक्षा जड जाते.

सैन्यात झोपेचं एक दुखणं असंही आहे की कमी झोपणं ही तिथे मर्दुमकी समजली जाते. ‘चार तास पुरतात’ असं सांगणारा सुभेदार प्रत्येक पलटणीत असतो आणि पोरं त्याचं ऐकतात.

उपासमार आणि मेजवानी

अमेरिकी सैन्यातल्या रेंजर प्रशिक्षणाचा अभ्यास १९९० च्या दशकात बारकाईने झाला. आठ आठवडे, रोज खर्चापेक्षा सुमारे हजार कॅलरी कमी अन्न, झोप चार तासांच्याही आत. पोरांचं वजन १२ ते १६ टक्क्यांनी उतरलं. थायरॉइड आणि पुरुषी संप्रेरकं कोसळली, कॉर्टिसॉल वर गेलं. शरीराने दुष्काळ जाहीर केला होता. प्रशिक्षण संपल्यावर पोटभर जेवण मिळालं की संप्रेरकं लवकर जागेवर आली. ही समाधानाची बाब.

पण दुष्काळ पाहिलेलं शरीर पुढच्या जेवणाकडे वेगळ्या नजरेने बघतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खाऊ घालायचं कसं, हे शिकण्यासाठी. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. नंतर भरपूर अन्न मिळाल्यावर आधी परतली ती चरबी, आणि ती पहिल्यापेक्षा जास्त झाली. स्नायू मागून, रखडत आले.

सियाचीनवरून उतरणाऱ्या जवानाचं असंच काहीसं होतं. १९८४ पासून आपलं सैन्य तिथे आहे. नऊ हजार फुटांपासून टप्प्याटप्प्याने शरीर सरावून मगच वर पाठवतात. वर गेलं की भूक मरते, डबाबंद अन्न समोर असूनही घास उतरत नाही, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग खाली येणं, सुट्टी आणि घर. ‘किती वाळलास रे’ म्हणत आई पुढे करते ती पुरणपोळी, त्यावर तूप, आणि रोज कोणाकडे तरी जेवण. महिन्याभरात वजन परत येतं. कशाच्या रूपाने परत आलं, हे वजनकाटा सांगत नाही.

उंची एवढी वाईटच असते असंही नाही. अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये दिसलं की सुमारे दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी नेमलेल्या स्थूलतेकडे झुकलेल्या जवानांना पुढे लठ्ठ होण्याचा धोका सखल भागातल्यांपेक्षा जवळपास ४० टक्के कमी होता. दोन हजार मीटर म्हणजे मध्यम उंची, हिमनदी नव्हे. ताणाच्या विषयात असे उलटे धागे निघतात आणि ते लपवून लेख सोपा करण्यात अर्थ नाही.

अशीच एक विचित्र गाठ न्यूरोपेप्टाइड-वाय या रसायनाची. अमेरिकेत शत्रूच्या कैदेत टिकून राहण्याचं कठोर प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या रक्तात २००० साली ते मोजलं, तर विशेष दलांच्या जवानांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळलं. ज्यांच्यात जास्त, ते डोकं अधिक थंड ठेवत होते. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात मात्र दिसलं की दीर्घ ताण आणि चरबी-साखरेचं खाणं एकत्र आलं की हेच रसायन पोटातली चरबी वाढवतं. नुसत्या ताणाने नाही, नुसत्या खाण्याने तितकं नाही, दोन्ही मिळून. उंदराची गोष्ट जवानाला जशीच्या तशी लावता येत नाही, पण कॅन्टीनच्या काउंटरपाशी ती आठवायला हरकत नाही.

मग व्यायाम कुठे गेला?

तो आहे, आणि तोच सगळं झाकून ठेवतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर आत ओढतो. सकाळची पीटी, संध्याकाळचे खेळ, पाठीवर भार घेऊन मार्च, यांनी वर्षानुवर्षं मोडलेल्या झोपेचा आणि ताणाचा हिशेब चुकता होत राहतो. म्हणून पंचविशीत रिपोर्ट स्वच्छ येतात. पुढे नायकाचा हवालदार, हवालदाराचा सुभेदार होतो. हाती रजिस्टर, स्टोअर, कोत (शस्त्रं ठेवायची खोली), क्लार्कची खुर्ची येते. पीस स्टेशन, म्हणजे शांत ठिकाणची नेमणूक, मिळतं. पाय कमी चालतात, ताट तेवढंच राहतं: पुरी, खीर, युनिटचा बडा खाना, मेसमधली रम. झाकण सरकतं आणि खाली जे साठत होतं ते रिपोर्टवर येतं. त्यात गुडघ्याची कॅटेगरी लागून पीटीला सूट मिळाली, तर वेग वाढतो. एका कॅटेगरीतून दुसरी कॅटेगरी जन्माला येते ती अशी.

ताटाबद्दल एक चांगली बातमी. १९६० च्या दशकापर्यंत जवानांच्या शिध्यात भरड धान्यं असत, मग त्यांची जागा गव्हाच्या आट्याने घेतली. २०२३ च्या मार्चमध्ये लष्कराने ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ शिध्यात परत आणलं, तांदूळ-आट्याच्या एकूण हक्काच्या २५ टक्क्यांपर्यंत. सोलापूर-सांगलीकडच्या पोरांना हे सांगायला लागत नाही. पण चार चमचे साखरेचा चहा तसाच ठेवून नुसती भाकरी वाढली, तर साखर फारशी हलणार नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष भीषण काही पाहिलं, त्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत २००१ पासून सैनिकांचा एक मोठा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. २०१० च्या त्यातल्या निष्कर्षानुसार आघातानंतरच्या ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, लक्षणं असलेल्यांना नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे दुप्पट होता. तिथे झोप आणि ताबा हे प्रश्न अपुरे पडतात, मनाचे उपचार लागतात, आणि ‘मन’ हा शेपचा पहिला खाना असल्यामुळे जवान ते मागायला कचरतो.

हे नोकरीमुळेच झालं, असं म्हणता येईल का?

समूहाबद्दल म्हणता येतं, एका माणसाबद्दल ठामपणे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. हवालदाराच्या वडिलांना मधुमेह असेल, तो शेतीत राहिला असता तरी त्याला झाला नसता असं कोण सांगणार? शिवाय भरती होताना निवडक निरोगी माणसंच आत येतात, त्यामुळे सैन्याची तुलना बाहेरच्या लोकांशी केली की नोकरीचं नुकसान आहे त्याहून कमी दिसतं.

विज्ञान असं शक्यतांत बोलतं आणि पेन्शनच्या कागदाला मात्र हो किंवा नाही हवं असतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या एका खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे निघाला, तर तो सेवेशी निगडित आहे असं गृहीत धरावं आणि संशयाचा फायदा जवानाला द्यावा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारने नवे नियम आणले आणि त्यांवर माजी सैनिकांनी बरीच टीका केली. जीवनशैलीच्या आजारांवर मिळणाऱ्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, हा एका बाजूचा मुद्दा. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात जवानाच्या बाजूने निकाल देताना, आजार शांत ठिकाणच्या नेमणुकीत निघाला एवढ्यावरून तो सेवेशी संबंधित नाही असं ठरत नाही, मेडिकल बोर्डाने कारणं द्यायला हवीत, असं म्हटलं. वर पाहिलेलं झाकण सरकण्याचं गणित लक्षात घेतलं तर हे म्हणणं शरीरशास्त्राला धरूनच आहे: बिघाड फिल्डमध्ये साठतो आणि पीसमध्ये दिसतो. गैरफायदा घेणारेही असतील. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकरणाची नीट तपासणी हा उपाय आहे, सरसकट नकार हा नाही.

घरी परतल्यावर

शिपाई म्हणून भरती झालेला माणूस चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीच, निवृत्त होतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत अशी माणसं घरोघरी सापडतील. एका तारखेला पीटी बंद होते आणि भूक मात्र निवृत्त होत नाही. मधुमेह टाळायचा असेल तर सर्वांत मोलाची वेळ हीच. अमेरिकेत २००२ मध्ये आणि भारतात चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं आहे की उंबरठ्यावरच्या माणसाने आहार आणि चालणं सांभाळलं तर मधुमेहाचा धोका तिकडे ५८ आणि इकडे २८.५ टक्क्यांनी घटला. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात गेल्यावर वजनाबरोबर पोटाचा घेर मोजून घ्यावा, लिपिड तपासावं, आणि साखर उपाशीपोटी व जेवणानंतर अशी दोन्ही पाहावी. उंचावरून नुकत्याच आलेल्यांच्या तांबड्या पेशी वाढलेल्या असतात, त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीच्या, म्हणजे एचबीए१सीच्या, एकट्या आकड्यावर विसंबू नये.

यातले कितीतरी जण पुढे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, कंपन्यांच्या गेटवर सुरक्षारक्षक होतात. बारा तासांची नाइट, म्हणजे संत्री ड्युटीच, फक्त आता पीटीशिवाय. शक्य असेल त्याने दिवसपाळी मागावी. नाइट घ्यावीच लागली तर डब्याची वेळ बदलता येते. शीअर यांच्याच गटाने २०२१ मध्ये प्रयोगशाळेत रात्रपाळी घडवून पाहिली तेव्हा रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली आणि जागरण तेवढंच करूनही फक्त दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही. तर डबा मध्यरात्री उघडण्यापेक्षा संध्याकाळी घरीच जेवून निघावं, रात्री पाणी किंवा बिनसाखरेचा चहा घ्यावा आणि पुढचं खाणं सकाळी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा, नाहीतर रात्री गेटवर साखर घसरून चक्कर येऊ शकते.